तिचे धैर्य पुरे झाले, आता तिची गाडी दाखवा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नुकतीच प्रसिद्ध झालेली, मोटारशर्यतीत उतरलेल्या एका तरुण महिला ड्रायव्हरची कथा मी आवडीने वाचली. शर्यत सुरू होण्यापूर्वी एकामागून एक पेटणारे पाच लाल दिवे आणि ते विझण्याची वाट पाहताना हेल्मेटमध्ये स्वतःलाच ऐकू येणारा श्वास यांचे वर्णन लेखिकेने फार चांगले केले आहे. तरीही कथा संपल्यावर मनात एक तक्रार उरली. ती या एका कथेपुरती नसून अशा बहुतेक सर्व कथांना लागू पडते, म्हणून हे पत्र लिहिण्याचे योजले.

कथेचा सांगाडा वाचकांना आठवत असेलच. संघाचा मुख्य ड्रायव्हर जखमी होतो, राखीव म्हणून बसवून ठेवलेल्या नायिकेला ऐनवेळी गाडी मिळते, 'हे बायकांचे काम नव्हे' असे पहिल्या पानापासून बजावणारा संघव्यवस्थापक नाइलाजाने मान डोलावतो, मग पाऊस येतो, आणि शेवटच्या फेरीतल्या शेवटच्या वळणावर नायिका सर्वांत उद्दाम प्रतिस्पर्ध्याला मागे टाकते. व्यवस्थापकाच्या डोळ्यांत पाणी येते आणि कथा संपते. पडद्यावर आणि पुस्तकांत थोड्याफार फरकाने हीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते. माझे म्हणणे इतकेच आहे की, या मांडणीमुळे महिला ड्रायव्हरपुढचा अडथळा म्हणजे एका पुरुषाच्या मनातला पूर्वग्रह आहे आणि तो एका विजयाने वितळतो, असा वाचकाचा समज होतो. मोटारशर्यतीचा इतिहास तसे सांगत नाही. तिथे अडथळा असतो तो संघात मिळणाऱ्या जागेचा, पैशाचा, सरावासाठी मिळणाऱ्या किलोमीटरांचा आणि गाडीबद्दल तिने सांगितलेले कोणी खरे मानते की नाही याचा.

हेटाळणी नव्हतीच, असे मला मुळीच सुचवायचे नाही. फॉर्म्युला वन या मोटारशर्यतीच्या सर्वांत वरच्या प्रकारातील जागतिक स्पर्धेतली पहिली महिला ड्रायव्हर मारिया तेरेसा दे फिलिपिस यांची सुरुवात तर अगदी कथेत शोभावी अशी आहे. मोठ्या भावांनी 'तुला वेगात गाडी चालवता येणार नाही' अशी पैज लावली आणि बाविसाव्या वर्षी लहानशा फियाटमधून त्यांनी आपली पहिलीच शर्यत जिंकली. १९५८ मध्ये मासेराती घेऊन त्या बेल्जियन ग्रां प्रीमध्ये, म्हणजे त्या स्पर्धेतील बेल्जियमच्या शर्यतीत, उतरल्या आणि दहाव्या आल्या. त्याच वर्षी फ्रान्समध्ये शर्यतीच्या संचालकाने, बाईने घालायचे हेल्मेट केशभूषेच्या दुकानातच शोभते, अशा अर्थाचे उद्गार काढून आपल्याला अडवल्याचे त्यांनी वयाच्या उत्तरार्धात मुलाखतीत सांगितले होते. इथपर्यंत कथालेखकाला काहीच बदलावे लागणार नाही. पण पुढचा भाग कथांमध्ये येत नाही. १९५९ मध्ये त्यांचे संघप्रमुख आणि स्नेही जाँ बेहरा शर्यतीत मृत्युमुखी पडले आणि त्या खेळातून बाजूला झाल्या. त्या काळात ड्रायव्हर मंडळी एकमेकांच्या अंत्ययात्रांना वारंवार जात असत. कोणाची हेटाळणी सहन न होऊन नव्हे, तर इतके मित्र गेल्यानंतर ही बाई थांबली, आणि तिचे ते थांबणे माझ्या दृष्टीने कुठल्याही काल्पनिक विजयापेक्षा अधिक खोल आहे.

अडथळा नेमका कसा असतो हे समजून घ्यायचे तर लेला लोंबार्दी यांच्याकडे पाहावे. फॉर्म्युला वनच्या जागतिक स्पर्धेत गुण मिळवणाऱ्या त्या आजवरच्या एकमेव महिला आहेत, आणि तो गुणही पुरता एक नाही, अर्धाच आहे. १९७५ च्या स्पॅनिश ग्रां प्रीमध्ये बार्सिलोनाच्या माँजुइक ट्रॅकवरचे संरक्षक कठडे नीट आवळलेले नाहीत म्हणून ड्रायव्हरांनी आधीच निषेध केला होता. शर्यतीत एका गाडीचा, तिला जमिनीवर दाबून धरणारा, मागचा पंख तुटला, ती कठडा ओलांडून गेली, त्यात प्रेक्षकांसह काही जणांचा जीव गेला आणि शर्यत २९ व्या फेरीनंतर थांबवण्यात आली. ठरलेले अंतर पुरे न झाल्यामुळे गुण निम्मे झाले आणि सहाव्या स्थानी असलेल्या लोंबार्दींच्या वाट्याला अर्धा गुण आला. एवढे बहुतेक लेखांत वाचायला मिळते. मला अधिक महत्त्वाची वाटते ती त्यांच्या गाडीची हकिकत. त्या हंगामात त्या मार्च संघाची गाडी चालवत होत्या आणि वळणांवर गाडी नीट वागत नाही अशी तक्रार सतत करत होत्या. संघातल्यांनी तिचा अर्थ, ड्रायव्हरच कमी पडते आहे, असा लावला. पुढच्या वर्षी त्यांची जागा रॉनी पीटरसन या नामांकित ड्रायव्हरला मिळाली आणि त्यानेही तीच तक्रार केली, तेव्हा गाडी उघडून पाहण्यात आली आणि मागच्या बाजूच्या मॅग्नेशियमच्या ओतीव भागाला तडा गेलेला सापडला, असे त्या संघाशी संबंधित लोकांनीच नंतर सांगितले आहे.

या हकिकतीत कोणी खलनायक नाही, हे कृपया लक्षात घ्यावे. लोंबार्दींना कोणी अपमानास्पद बोलल्याचे या हकिकतीत कुठेही येत नाही. त्यांना गाडी दिली गेली, पगारी मेकॅनिक दिले गेले, शर्यतीत उतरवले गेले. फक्त त्यांनी गाडीविषयी जे सांगितले त्यावर कोणी पाना हातात घेतला नाही. शर्यतीच्या खेळात ड्रायव्हरचे निम्मे काम गाडी चालवणे असले, तर उरलेले निम्मे काम गाडी कशी वागते हे इंजिनीअरला नेमक्या शब्दांत सांगणे असते. पुढची चाके वळायला कुरकुरतात की मागची निसटतात, ब्रेक दाबताना की सोडताना, टायर थंड असताना की तापल्यावर, हे तिने सांगायचे आणि त्याने त्यानुसार स्प्रिंगची, पंखांची, टायरमधल्या हवेची जुळणी बदलायची. तिच्या सांगण्याला किंमत नसेल, तर ती दिवसागणिक हळू होत जाते आणि हळू होत गेल्यामुळे तिच्या सांगण्याची किंमत आणखी घसरते. हे चक्र कोणत्याही टोमण्याहून अधिक निर्दय आहे आणि आपल्या कथालेखकांपैकी कोणीही त्याला हात घातलेला मला आठवत नाही.

गाडीचा मुद्दा पुढे नेणारे आणखी एक उदाहरण १९९२ चे आहे. ज्योव्हाना अमाती या इटालियन ड्रायव्हरला ब्रॅबहॅम संघाने घेतले. हा संघ एकेकाळी जगज्जेता होता, पण त्या वर्षी त्याचे दिवाळे वाजण्याच्या बेतात होते. तीन शर्यतींत त्या पात्रता फेरी पार करू शकल्या नाहीत आणि त्यांना काढून टाकण्यात आले. त्यांच्या जागी डेमन हिल आला. त्याने त्याच संघाकडून आठ वेळा प्रयत्न केला आणि त्यांपैकी सहा वेळा तोही पात्र ठरला नाही. चार वर्षांनी हाच हिल जगज्जेता झाला. प्रामाणिकपणे सांगायचे तर अमाती आपल्या सहकारी ड्रायव्हरपेक्षाही मागे होत्या आणि केवळ गाडीला दोष देऊन त्यांना मोठे करण्याची गरज नाही. परंतु एकाच्या अपयशाकडे शिकाऊ काळ म्हणून पाहिले गेले आणि दुसरीचे अपयश हा निकाल ठरला. जागतिक स्पर्धेच्या शर्यतीत पात्रतेसाठी उतरलेली महिला ड्रायव्हर तेव्हापासून आजपर्यंत दुसरी झालेली नाही. २०१४ मध्ये सूझी वोल्फ यांनी विल्यम्सच्या गाडीतून सराव सत्रात भाग घेतला, तो प्रसंगही बावीस वर्षांनी आला होता.

याउलट चांगली गाडी आणि पक्की जागा मिळाली म्हणजे काय घडते, ते मिशेल मुताँ यांनी रॅलीच्या, म्हणजे साध्या रस्त्यांवर एकेक गाडी सोडून वेळ मोजल्या जाणाऱ्या शर्यतींच्या, क्षेत्रात दाखवून दिले. आउडीने चारही चाकांना ताकद पुरवणारी क्वात्रो गाडी रॅलीत आणली तेव्हा मुताँ यांना संघात नियमित स्थान दिले. १९८१ मध्ये सान रेमो जिंकून जागतिक रॅली जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. १९८२ मध्ये त्यांनी पोर्तुगाल, ग्रीस आणि ब्राझील अशा तीन रॅली जिंकल्या आणि अजिंक्यपदाच्या लढतीत वॉल्टर रोर्लच्या पाठोपाठ दुसऱ्या आल्या. त्या वर्षीच्या आयव्हरी कोस्टच्या रॅलीआधी त्यांचे वडील वारले, त्या तशाच उतरल्या, बराच काळ आघाडीवर राहिल्या आणि शेवटी यांत्रिक बिघाड व अपघात यांमुळे सर्व हातचे गेले. त्यांच्या शेजारी बसून मार्ग वाचून दाखवणाऱ्या फाब्रिझिया पोन्स याही महिलाच होत्या. ही नाट्यपूर्ण गोष्ट खरीखुरी आहे आणि तिच्यात 'मी सिद्ध करून दाखवीन' असे एकही वाक्य घालण्याची गरज पडत नाही.

आता पैशाकडे येऊ. आपल्या पुरवणीतील नायिका राखीव ड्रायव्हर कशी झाली, हे कथेत कुठेच सांगितलेले नाही, आणि खरी कादंबरी नेमकी तिथेच दडलेली आहे. हा प्रवास साधारणपणे सात-आठ वर्षांच्या वयात कार्टिंगने, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतींनी, सुरू होतो आणि तेव्हापासूनच तो खर्चाचा असतो. पुढे फॉर्म्युला फोर, थ्री, टू अशा पायऱ्या चढायच्या, आणि वरच्या पायऱ्यांवर एका हंगामाचा खर्च लाखो युरोंच्या घरात जातो. फॉर्म्युला वनसाठी लागणारे सुपर लायसन्स मिळवायला तीन हंगामांत ४० गुण जमवावे लागतात. फॉर्म्युला टूमध्ये पहिल्या तिघांत आलेल्याला हे सगळे ४० गुण एकदम मिळतात, तर केवळ महिलांसाठी असलेल्या एफ वन अकॅडमीच्या विजेतीला दहा. यात अन्याय आहे असे मी म्हणणार नाही, कारण ती स्पर्धा फॉर्म्युला फोरच्या दर्जाच्या गाड्यांवर होते. पण एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाण्यासाठी लागणारा प्रायोजक कुठून येतो, हा प्रश्न त्या दहा गुणांनी सुटत नाही.

हे पुरते समजून घ्यायचे तर जेमी चॅडविक यांचे उदाहरण पुरेसे आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या महिलांच्या डब्ल्यू सिरीजमध्ये ड्रायव्हरांकडून शुल्क घेतले जात नसे, म्हणजे निदान तेवढ्यापुरता पैशाचा अडथळा दूर केला होता. चॅडविक यांनी तिथले तिन्ही हंगाम जिंकले. तिसरा हंगाम पैसे संपल्यामुळे शेवटच्या शर्यतींआधीच आटोपावा लागला आणि ती स्पर्धा त्यानंतर पुन्हा झाली नाही. सलग तीनदा विजेती ठरलेल्या ड्रायव्हरसाठी युरोपातील वरच्या पायरीचे दार तरीही उघडले नाही. त्या अमेरिकेत गेल्या आणि २०२४ मध्ये तिथल्या इंडी एनएक्सटी मालिकेत, पुरुषांबरोबरच्या शर्यतीत, रोड अमेरिका ट्रॅकवर जिंकल्या. एफ वन अकॅडमी २०२३ मध्ये सुरू झाली तेव्हा प्रत्येक गाडीमागे फॉर्म्युला वनने दीड लाख युरो घातले आणि तेवढीच रक्कम ड्रायव्हरने आणायची असे ठरले. निम्मा भार हलका झाला हे खरे, पण उरलेल्या निम्म्यासाठी एखाद्या मुलीचे वडील बँकेत, कंपन्यांच्या प्रतीक्षाकक्षांत आणि नातेवाइकांच्या दारात काय बोलत असतील, ते लिहायला कथालेखक हवा.

शरीराविषयीही दोन शब्द लिहिणे आवश्यक वाटते, कारण आपल्या कथेत नायिका शर्यतीनंतर ताजीतवानी उडी मारून गाडीबाहेर येते. फॉर्म्युला वनच्या गाडीत ब्रेक लावताना आणि वेगवान वळणांवर शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे पाचपट जोर येतो आणि हेल्मेटसह डोके सावरण्याचे काम मानेला करावे लागते. फॉर्म्युला टूच्या गाडीला तर पॉवर स्टिअरिंगच नसते, त्यामुळे खांदे आणि मनगटे यांची कसोटी वरच्या गाडीपेक्षा तिथेच अधिक लागते. ही अडचण खरी आहे, ती व्यायामाने बरीच कमी होते, आणि स्टिअरिंगच्या चाकाचा व्यास, आसनाची बैठक, पेडलांचे अंतर अशा गोष्टी कोणाच्या मापाने ठरवल्या जातात याच्याशीही तिचा संबंध आहे. हलके असण्याचा फायदा मिळतो हा समजही आता फॉर्म्युला वनपुरता तरी निकालात निघाला आहे, कारण २०१९ पासून ड्रायव्हर व आसन यांचे मिळून किमान वजन ठरवून दिलेले आहे आणि कमी पडणारे वजन आसनाजवळच भरावे लागते. सोसण्याचेच उदाहरण हवे असेल तर जॅनेट गथ्री यांचे घ्यावे. विमान-अंतराळ क्षेत्रात इंजिनीअर असलेल्या गथ्री १९७७ मध्ये इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत उतरणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. पुढच्या वर्षी स्वतः संघ उभारून त्या पुन्हा आल्या. शर्यतीच्या दोन दिवस आधी टेनिस खेळताना मनगटाचे हाड मोडले होते, ते त्यांनी लपवले आणि नववा क्रमांक पटकावला. त्यानंतर त्यांना खेळ सोडावा लागला तो मनगटामुळे नव्हे, प्रायोजक मिळेनात म्हणून.

कथेतल्या प्रतिस्पर्ध्याबद्दलही माझे मत वेगळे आहे. ड्रायव्हरचा पहिला प्रतिस्पर्धी दुसऱ्या संघातला उद्दाम नायक नसतो, तर स्वतःच्याच संघातला सहकारी असतो, कारण तेवढ्या एकाच माणसाकडे तशीच गाडी असते. सत्र संपल्यावर दोघांच्या फेऱ्यांचे आलेख एकमेकांवर ठेवले जातात. कोणी कुठे ब्रेक दाबला, कोणी कुठे ॲक्सिलरेटर आधी उघडला, हे सर्वांसमोर रेषांमध्ये दिसते. त्या खोलीत कोणी टोमणा मारत नाही. तिची रेषा एका वळणावर एकदशांश सेकंद मागे पडलेली असते आणि ती का, हे तिला सांगावे लागते. चांगल्या लेखकाच्या हाती हा प्रसंग पावसातल्या शेवटच्या फेरीपेक्षा कितीतरी अधिक ताणलेला होऊ शकतो.

पूर्वतयारीचा भागही असाच उपेक्षित राहतो. एलिश्का युन्कोव्हा या चेक ड्रायव्हर १९२८ मध्ये सिसिलीच्या डोंगरांतल्या तार्गा फ्लोरिओ शर्यतीत उतरल्या. तिथली एक फेरी १०८ किलोमीटरांची आणि फेऱ्या पाच. त्यांनी आधीच तो रस्ता पिंजून काढला होता, वळणे ओळखण्यासाठी खुणा मनात साठवल्या होत्या. त्या काळच्या नामांकित पुरुषांना मागे टाकून त्या काही काळ आघाडीवर होत्या आणि शेवटी पाचव्या आल्या. आपल्या काल्पनिक नायिकांना मात्र ट्रॅक कसा माहीत असतो, हे कोणी सांगत नाही. त्यांना सारे 'उपजत' येत असते, आणि उपजत म्हटले की तिच्या अभ्यासाचे श्रेय आपण तिच्याकडून काढून घेतो.

कथा म्हणजे वृत्तांत नव्हे, लेखकाला कल्पनेचे स्वातंत्र्य आहे, असे यावर कोणी म्हणेल आणि ते मला मान्य आहे. नायिका जिंकली याला माझी हरकत नाही. देझिरे विल्सन यांनी १९८० मध्ये ब्रँड्स हॅच येथे ब्रिटिश मालिकेतील फॉर्म्युला वन गाड्यांची शर्यत खरोखरच जिंकली होती. ती जागतिक स्पर्धेतील शर्यत नव्हती, तरी गाड्या फॉर्म्युला वनच्याच होत्या. त्याच वर्षी त्या जागतिक स्पर्धेच्या ब्रिटिश ग्रां प्रीसाठी मात्र पात्र ठरू शकल्या नाहीत. म्हणजे जिंकणे घडते, आणि त्यानंतरही पुढच्या हंगामाची जागा मिळेलच असे नसते. कल्पनेचे स्वातंत्र्य घ्यायचेच असेल, तर ते विजयानंतरच्या सोमवारी घ्यावे.

शेवटी एक विनंती थेट आपल्याकडे, कारण या बाबतीत वृत्तपत्रेही कथालेखकांच्या फार पुढे गेलेली नाहीत. महिला ड्रायव्हरची बातमी येते तेव्हा ती 'पहिली महिला' या शीर्षकाखाली येते, सोबत हेल्मेट काखेत धरलेले छायाचित्र असते, आणि ती कितवी आली, सहकाऱ्यापेक्षा किती सेकंदांनी पुढे किंवा मागे होती, तिच्याकडे पुढच्या हंगामाचा करार आहे की नाही, हे बातमीत सापडत नाही. एफ वन अकॅडमीच्या शर्यती अनेकदा ग्रां प्रीच्याच ट्रॅकवर, त्याच आठवडाअखेरीस होतात. ग्रां प्रीचा निकाल आपण क्रीडापानावर छापताच. त्याच्याच खाली या शर्यतीतील पहिल्या दहा जणींची नावे, वेळ आणि गुणतक्ता छापायला चार बोटांची जागा पुरेल. हंगाम संपल्यावर त्यांपैकी कोणाला पुढच्या पायरीवर जागा मिळाली आणि कोण घरी परतली, याचीही एक बातमी द्यावी.

कळावे.

आपली,
एक नियमित वाचक